भुई म्हणायची राहिली

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घाशी कधी जमलं नाही, आणि शाळा सुटली तेव्हा बरंच शिकायचं राहिलं होतं. मोठे शब्द येत नाहीत, म्हणून साधेच वापरलेत. आणखी एक. कागदावर 'मी' लिहिलं की माझा हात आखडतो, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. म्हणून 'तो' लिहिलंय. लिहिताना राग येत होता. पुन्हा वाचून तो काढून टाकायला बसलो होतो, पण निघाला नाही. राहू दे.

१

नदी तळ्याला मिळते तिथे ती एकदम दमते. वरून आणलेलं सगळं ओझं तिथेच टाकते आणि हाताच्या पंजासारखी फाटते. बोटांच्या मधल्या जागेत लव्हाळी, वाळूचे दांडे आणि गाळ. तळ्याला लाटा नाहीत, पण वारा आहे. वारा तळ्याकडून सुटला की नदीचं पाणी मुखातच अडतं, आणि अडलं की गाळ खाली बसतो. त्यामुळे मुखाचा तळ रोज वेगळा. काल जिथे माणूस बुडेल एवढं पाणी होतं, तिथे आज बगळा उभा असतो.

म्हणून काठीवाला लागतो. सकाळी पहिली होडी सुटायच्या आधी तो काठीने पाण्यातली वाट तपासून येतो आणि खुणेचे बांबू नव्या जागी हलवतो. तळ्याच्या काठाने वस्त्या आहेत, जाळीवाल्यांची, चटईवाल्यांची, वीटभट्टीची. सगळ्यांचं येणं-जाणं मुखातून. काठीवाल्याने चूक केली तर होडी गाळात बसते आणि दिवसभर सगळे त्याच्या नावाने बोटं मोडतात.

तो हे काम बाबांकडून शिकला. लोक त्याला मुका म्हणायचे. मुका नव्हता तो. बोलायचा, पण समोरच्याचं बोलून झाल्यावर, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असायचा.

काठी बाबांचीच होती. जाड बांबू, टोकाला लोखंडी टोप, हाताशी घासून गुळगुळीत. काम सोपं असतं. टेकवायची, दाबायची, फिरवायची. टेकवली की कळतं काहीतरी आहे. दाबली की कळतं किती धरतंय. फिरवली की कळतं काय आहे. वाळू करकरते, चिकणमाती सोडत नाही, आणि गाळ काहीच बोलत नाही. बाबा डावखुरे होते, ते काठी डावीकडे फिरवायचे. मुका उजवीकडे फिरवायचा. बाबा हसायचे, म्हणायचे, "दोघं मिळून तळाला पीळ घालू."

त्या सकाळी तो मधल्या धारेत होता. डाव्या अंगाला नवी जमीन, तिच्यावर काकाचं नवं घर, पत्रा उन्हात चमकत होता. होडीत मागे होडीवाला वल्हं धरून बसला होता, तोंडाने अखंड बडबड.

मुक्याने काठी टेकवली, दाबली, फिरवली. गाळ. काठी वर ओढली.

तेवढ्यात होडीच्या बुडाला खालून काहीतरी टेकलं.

ठक नाही. टेकलंच. मग दाबलं. होडी बोटभर वर आली, डोक्यावरची पाटी कोणी सावरून धरावी तशी. आणि मग होडीचं तोंड डावीकडे फिरलं. पाणी शांत होतं. वाराही नव्हता.

"अरे!" होडीवाला म्हणाला. "मुक्या, कोणीतरी तुझं वजन बघतंय. लग्नाचं बघत असतील."

"ओंडका असेल," मुका म्हणाला.

"ओंडका असेल तर सासुरवाडी चांगली आहे. निदान बोलणार तरी नाही तुझ्याशी."

मुक्याने काठी घालून सगळीकडे बघितलं. ओंडका नव्हता. नदी ओंडके आणते, हे खरं आहे. ते आपटतात आणि पुढे जातात, हेही खरं आहे. दाबून, थांबून, मग फिरवणारा ओंडका त्याने बघितला नव्हता. पण बघितलं नाही म्हणजे नसतं असं थोडंच असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि खुणेचा बांबू हलवला.

२

आता बाबांचं सांगायला हवं. काकाला मी इथे अहो-जाहो करणार नाही. तोंडावर करतो. कागदावर जमणार नाही.

मुखाशी नवी जमीन वर आली की तिच्यावर आधी काठीवाला चालतो. नदीच्या बाजूने चढतो, तळ्याच्या बाजूला पोचतो. प्रत्येक पावलाला टेकवतो, दाबतो, फिरवतो. पलीकडच्या टोकाला पोचला की मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असा एकच शब्द म्हणतो, "भुई." तो म्हणाला की ती जमीन झाली, मग तिथे चूल पेटवायला हरकत नाही. जमीन नसेल तर तो काहीच म्हणत नाही. गपचूप आल्या वाटेने परत येतो. आणि एकदा भुई म्हटलेल्या जागेवर पुन्हा काठी टेकवायची नाही. टेकवली तर म्हणणाऱ्याचा अपमान होतो.

आता काकाचं घर आहे ती जमीन वर आली तेव्हा वस्तीची जुनी दरड रोज थोडी थोडी नदीत पडत होती. लोकांची अंगणं गेली होती, आता भिंती जायच्या होत्या. सगळ्यांना जमीन हवी होती, पण काकाला सगळ्यांच्या आधी हवी होती. बाबा म्हणाले, अजून एक पूर तिच्यावरून जाऊ दे. काका वस्तीसमोर मोठ्याने म्हणाला, "दादा, म्हातारा झालास का रे?" बाबा तरीही उठले नसते. पण तो रोज म्हणायला लागला.

बाबा चालले तेव्हा काका काठाशी अगदी पुढे उभा होता. बाकीचे बरेच मागे. मुका धारेत होडीवर होता, त्याला दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. लोकांनी नंतर सांगितलं, बाबा मध्यावर थांबले होते. मागे वळायला लागले होते. आणि काका ओरडत होता, "चल, पुढे हो! पाय लागतोय!"

मग बाबा कमरेपर्यंत दिसले. मग टोपी दिसली. मग नुसती काठी.

काठी दोराने ओढून काढली. बाबा मिळाले नाहीत.

आणि तेव्हा, लोक रडत असताना, काका मागे वळला आणि म्हणाला, "म्हणाला. जाता जाता म्हणाला. मी ऐकलं. भुई म्हणाला."

बुडणारा माणूस भुई म्हणतो होय? कोणी विचारलं नाही. ज्यांच्या भिंती दरडीवर लोंबत होत्या ते कशाला विचारतील? दोन पूर गेले, जमिनीवर गवत आलं. काकाने बरोबर मध्यावर घर बांधलं. जिथे बाबा गेले तिथे त्याचा ओटा आला. म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.

मुक्याने हे सगळं गिळलं. गिळायची सवय होती. पण गिळलेलं पचतंच असं नाही.

३

त्या दुपारी काकाने त्याला जेवायला बोलावलं होतं. घराला पुढे ओटा, मग बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी तळ्याकडे खिडकी असलेली मागची खोली. नव्या रंगाचा वास, नव्या फरश्या. भांडी अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"बस ना," काका म्हणाला. "पाहुण्यासारखा काय उभा राहतोस?"

काकू वाढत होती. "अहो, त्याला बस म्हणू नका, तो आपोआप बसतो. बोल म्हणा."

"बोलायचंच आहे," काका म्हणाला. "वहिनींना इथे आणायचं ठरवलंय. मागची खोली त्यांची. तिकडे तुमच्या अंगणात दरड आलीय, कधी झोपेत जाल पाण्यात."

मुका जेवत राहिला. त्याला कळलं होतं. वस्तीतली बाकीची माणसं अजून या जमिनीवर यायला बिचकत होती. काठीवाल्याची बायकोच इथे राहायला आली, म्हणजे बाबांनी खरंच भुई म्हटलं होतं. मग कोण काय बोलणार? आई इथे झोपली की काकाचं खोटं खरं होणार होतं.

"आई नाही येणार," तो म्हणाला.

"ती हो म्हणाली," काकू म्हणाली. "कालच. मीच विचारलं."

तेवढ्यात खालून आवाज आला.

टेकलं. दाबलं. पेल्यातलं पाणी हललं. मग फरशीखाली काहीतरी ओलं, जड, घासत फिरलं.

कोणीच जेवायचं थांबलं नाही. म्हणजे त्यांना हे रोजचं होतं.

"घूस," काकू म्हणाली आणि भात वाढला. "नव्या घराला पहिली घूसच येते राहायला."

"गाळात हवा कोंडते," काका म्हणाला. "बुडबुडे. तुला तर माहीत आहे, काठीवाला ना तू?"

माहीत होतं. गाळात हवा कोंडते, आणि कोंडली की सुटते. मुक्याने खाली बघितलं. दारातल्या फरश्या ओळीत बसवल्या होत्या. एकच फरशी ओळ सोडून फिरलेली होती. थोडीशीच. डावीकडे.

"गवंडी चोर निघाला," काका म्हणाला. त्याने मुक्याच्या नजरेकडे बघितलं होतं. "सरळ फरशी बसवता येत नाही मेल्याला."

बोलताना त्याने पाय त्या फरशीवर ठेवला, आणि जेवण संपेपर्यंत उचलला नाही.

४

आई जुन्या घरात चटई विणत बसली होती. मागच्या दाराबाहेर अंगण नव्हतं, कडा होता, आणि खाली नदी. मधूनच मातीचं ढेकूळ सुटून पाण्यात पडत होतं.

"तू जाऊ नकोस तिकडे," मुका म्हणाला.

"का?"

त्याने बराच वेळ घेतला. आईची त्याच्यासाठी थांबायची तयारी असायची, म्हणून तिच्याशीच त्याला नीट बोलता यायचं.

"खाली काहीतरी आहे."

"ठाऊक आहे मला." तिचे हात थांबले नाहीत. "घर बांधताना विटा वाहत होते ना मी, तेव्हाच ऐकलं. ओट्याखाली. तुझी काकू म्हणाली घूस. घूस कधी डावखुरी असते का रे?"

मुका तिच्यासमोर खाली बसला.

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुझ्याकडूनच शिकले."

"आई, त्या माणसाच्या घरात राहशील? ज्याने बाबांना..."

"त्याच्या घरात कुठे?" आई म्हणाली. तिने लव्हाळ्याची नवी काडी घेतली, ओठांनी ओली केली. "मी ह्यांच्यावर राहणार आहे. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, आता अंतर आहेच किती."

ती चेष्टा करत नव्हती. तिला बरं वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली, आणि मग दोन्ही मिळून काकावर गेलं. सगळं शेवटी तिथेच जायचं.

५

आई राहायला गेली. मुका रोज दुपारी जेवायच्या निमित्ताने जाऊन यायचा.

त्याने जे बघितलं ते सांगतो. त्याचा अर्थ त्याने लावला तो बरोबरच असेल असं नाही.

आवाज एका जागी नव्हता. आधी ओट्याखाली होता. मग दारात. मग बाहेरच्या खोलीत. मधे काही दिवस काहीच नाही, मुक्याला वाटलं संपलं, हवा असेल ती सुटली. मग तो स्वयंपाकघरात आला. प्रत्येक वेळी मागे एक फिरलेली फरशी राहायची. नदीकडून तळ्याकडे, एका ओळीत, पाऊलभर अंतराने. मुका पेशाने काठीवाला होता, त्याने असल्या ओळी स्वतः पाडल्या होत्या ओल्या मातीत.

कोणीतरी जमीन तपासत होतं. खालून. जिथे सोडली होती तिथून पुढे.

बाबा गेले खरे, पण त्यांचं काम अर्धं राहिलं होतं. आणि बाबांनी अर्धं काम कधी सोडलं नव्हतं.

हे डोक्यात आलं तेव्हा तो धारेत होता, भर सकाळी, होडीत चार माणसं, त्यातली दोन भांडत होती. त्याने मूठ आवळली, तिच्यात काठी होती. बाबांची काठी. लोखंडी टोपाची. ती त्या दिवशी ओढून काढली, तेव्हापासून त्याच्याकडेच होती.

मग बाबा कशाने टेकवत होते?

त्याने तो विचार बाजूला ठेवला. विचार बाजूला राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा आवाज मागच्या खोलीत पोचला होता. आई खाटेवर बसली होती, पाय खाली. खालून टेकलं, दाबलं, फिरलं. आणि आईने अनवाण्या टाचेने फरशीवर हळूच उत्तर दिलं.

खालचा आवाज थांबला. मग पुन्हा आला. त्याच जागी.

"आई, काय करतेस?"

"थांबवून ठेवलंय," आई म्हणाली. "नाहीतर पुढे निघून जातील. कामात असले की त्यांना घर आठवत नाही, तुला माहीत आहे."

खाटेजवळ पाण्याचा पेला होता. तो आपोआप थोडासा सरकला, खाटेच्या पायाकडे. फरशी तिकडे उतरली होती. एकाच जागी रोज रोज टेकवलं, दाबलं, फिरवलं, तर कसलीही भुई ढिली होते. हे मुक्याइतकं कोणाला माहीत असणार?

६

त्या दिवशी दुपार कलली आणि वारा तळ्याकडून सुटला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. हे मुद्दाम लिहितोय. अंधार नव्हता. नीट दिसत होतं.

मुका आईला सांगत होता, उठ, चल, आणि ती मान हलवत होती. आवाज ऐकून काका दारात आला.

"काय लावलंय रे? आईला त्रास कशाला देतोस?"

"खोली खचतेय."

"तुझं डोकं खचतंय. दादाने शब्द दिलाय ह्या जमिनीचा. बापाचा शब्द खोटा पाडतोस?"

मुक्याचे कान तापले. इतके तापले की आधी त्याला खालचा आवाज ऐकूच आला नाही. त्याने फक्त आईची नजर बघितली. ती खाली बघत होती, तिच्या पावलांमधल्या फरशीकडे.

फरशी उचलली जात होती.

एका बाजूने, सावकाश, भाताच्या वाफेने झाकण उचललं जावं तशी. खाली सिमेंट नव्हतं, सिमेंटचा चिखल झाला होता. त्या काळ्या चिखलातून काहीतरी वर आलं, वीतभर, आणि डावीकडे फिरलं.

मुक्याला आधी काठीचं टोक वाटलं. तसंच गोल होतं. तसंच घासून गुळगुळीत. मग त्याला दिसलं की त्याच्यावर सुरकुत्या आहेत, आणि थोडं खाली, चिखलाच्या रेषेशी, बाहीची मळकी किनार आहे. दोन वर्षं टेकवून, दाबून, फिरवून पुढचं सगळं झिजलं होतं. बोटं नव्हती. तळवा नव्हता. जे उरलं होतं ते हवेत जरा थांबलं, काहीतरी चाचपावं तसं, आणि आईच्या घोट्याला टेकलं.

आईने पाय मागे घेतला नाही.

काका पुढे आला आणि त्याने फरशीवर पाय दिला. सगळा भार देऊन. फरशी चपकन बसली.

"घूस," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "घूस आहे. दादा म्हणाला होता. मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं."

कोणी काही विचारलं नव्हतं.

मुक्याला त्या वेळी काकाला मारावंसं वाटलं. खरंच. हातात काठी होती. त्याने ती वर उचललीही. आणि तेव्हा आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जसं ती बाबा डबा विसरून गेल्यावर म्हणायची,

"अरे, त्यांच्या हातात काठी नाही रे."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मुका नदीच्या बाजूने त्या जमिनीवर चढला. बाबा चढले होते तिथूनच. होडीवाला होडी घेऊन कडेला थांबला होता. धारेतल्या होड्या थबकल्या. भुई म्हटलेल्या जमिनीवर कोणी काठी टेकवत नसतं, आणि हा टेकवत निघाला होता. कोणीतरी काठावरून ओरडलं, "अरे, बापाचा तरी मान ठेव!" त्याने बघितलं नाही. लोक बघतायत म्हणून एरवी त्याचे पाय लटपटायचे. आज राग होता म्हणून लटपटले नाहीत.

टेकव, दाब, फिरव. टेकव, दाब, फिरव. वर गवत होतं, खाली गाळ. गाळ काहीच बोलत नव्हता.

काकू आधीच ओट्यावर आली होती, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं. "मला काही विचारू नकोस," ती म्हणाली. "मी माहेरी चाललेय, घूस गेली की येईन." मुक्याने पाडलेल्या खुणांवर नेमकी पावलं टाकत ती होडीपर्यंत गेली आणि होडीत बसून डोळे मिटून घेतले.

काका मागच्या खोलीत होता. त्याच फरशीवर. आई खाटेवर. रात्रभर तो तिथेच उभा असावा, पाय सुजले होते.

"बाजूला व्हा, काका."

"हे घर माझं आहे."

"घर तुमचंच. बाजूला व्हा."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे. काका झाला बाजूला. भिंतीला धरत धरत तो दाराकडे गेला, आणि तिथून बाहेर ओट्यावर.

मुक्याने फरशी उचलली. काळा चिखल होता, वर काहीच नव्हतं. त्याने काठी आत सोडली. हाताखालून हात घेत तो सोडत गेला. तळ लागला नाही. काठी जवळजवळ संपली, शेवटचा हात राहिला, आणि मग खालून कोणीतरी ती धरली.

ओढली नाही. नुसती धरली. वजन घेतलं. काठी देणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याने नीट धरली की. बाबांकडून घेताना त्याला हजारदा कळलं होतं.

त्याने सोडली.

काठी डावीकडे फिरली आणि खाली गेली.

आई उठली. तिने चटई गुंडाळली, पेल्यातलं पाणी खिडकीतून टाकलं, पेला पदरात घेतला. "चल," ती म्हणाली. "आता त्यांना माझं काम नाही." ओट्यावर काकाच्या शेजारून जाताना ती थांबली. "भाऊजी, तुम्हीही चला," ती म्हणाली. काकाने ओट्याचा खांब धरला होता, तो हलला नाही. ती मुक्याच्या खुणांवरून चालत होडीत येऊन बसली.

मुका होडीशी पाण्यात उभा राहिला, होडी हातांनी धरून. आता आवाज स्वच्छ येत होता. लोखंडी टोपाचा. मागच्या खोलीतून तो अंगणात गेला, अंगणातून गवतात, तळ्याच्या कडेकडे. धारेतली सगळी माणसं गप्प होती. होडीवालासुद्धा. कडेला पोचल्यावर आवाज थांबला.

सगळे वाट बघत होते. एकच तर शब्द असतो.

वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं. शब्द आला नाही.

मग टेकलं, दाबलं, फिरलं. थोडं अलीकडे. मग अजून अलीकडे. आल्या वाटेने आवाज परत येत होता. अंगणात. मागच्या खोलीत. खिडकीची काच वाजली.

काकाने ऐकलं. त्याने ओट्याखालच्या गवताकडे बघितलं, मग होडीकडे. मुक्याच्या खुणा अजून दिसत होत्या, पण त्यांच्यात पाणी भरायला लागलं होतं.

"मुक्या!" तो ओरडला. "पुढचं घट्ट आहे का रे? पाय लागतोय का?"

मुका आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल त्याचा आवाज.

"तुम्हीच सांगा, काका! तुम्ही तर ऐकलं होतं ना?"

होडी त्याने सोडली नाही. होडीवाला हळूच म्हणाला, चल, निघू या, तरी सोडली नाही. धरून उभा राहिला. आवाज बाहेरच्या खोलीत आला होता. काकाने ओट्यावरून एक पाय उचलला होता, तो अजून खाली ठेवला नव्हता.